चाकाला खाली उतरू द्या

“चाळीस मिलिमीटर खाली घ्या, पुढे सहा किलोची स्प्रिंग टाका, बाकीचं नॉब फिरवून जुळवून घ्या.” कॉइलओव्हर बसवायचा विचार नुसता बोलून दाखवला, तरी हौशी मित्रांकडून हा सल्ला मिळतो आणि दुकानदार त्यावर मान डोलावतो. सल्ला देणाऱ्यांची नियत चांगलीच असते. त्यांनी आपल्या गाड्यांवर स्वतःचे पैसे आणि कित्येक रविवार खर्ची घातलेले असतात. पण आंधळगावात राहून मोहाडी, तुमसर, भंडारा अशी रोजची ये-जा करणाऱ्या माणसासाठी हा सल्ला मुळापासून चुकीचा आहे. तो ऐकून लोक कष्टाचे पैसे घालवतात आणि गाडी पूर्वीपेक्षा धोक्याची करून घेतात. म्हणून त्याला मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवं.

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या नळीवरच बसवलेली कॉइल स्प्रिंग. ही रचना काही नवी नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात स्ट्रटची ही रचना आखली आणि १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत ती आली. तिच्यात स्प्रिंग शॉकअपभोवतीच असते. म्हणजे स्विफ्टसारख्या गाडीला पुढे कॉइलओव्हर कंपनीनंच दिलेला आहे. आपण वेगळे पैसे मोजतो ते उंची बदलता यावी म्हणून आटे पाडलेल्या नळीचे, वेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगचे आणि वेगळ्या व्हॉल्व्हचे. मागे टॉर्शन बीम असतो. तिथे स्प्रिंग एका जागी आणि शॉकअप दुसऱ्या जागी. अशा गाडीला मागेही स्प्रिंग शॉकअपवर चढवून देतो म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. मागच्या बाजूचं सगळं वजन मग शॉकअपच्या वरच्या बोल्टवर आणि त्याभोवतीच्या पत्र्यावर येतं. तो पत्रा शॉकअपचे झटके सोसण्यापुरता बनवलेला असतो, गाडी तोलून धरण्यासाठी नव्हे.

आता त्या सहा किलोच्या स्प्रिंगकडे वळू. एक मिलिमीटर दाबायला सहा किलोचा भार लागतो, ती सहा किलोची स्प्रिंग. स्विफ्टच्या आकाराच्या गाडीत पुढे दोन माणसं बसली की पुढच्या एका चाकावरच्या स्प्रिंगवर ढोबळ हिशेबानं २६५ किलो भार येतो. रोजच्या वापराची स्प्रिंग दोन किलोच्या आसपास धरली, तर ती या भारानं १३० मिलिमीटरच्या वर दबते. सहा किलोची स्प्रिंग त्याच भारानं दबते फक्त ४४ मिलिमीटर. कडकपणाची तारीफ करणाऱ्यांना हा आकडा आवडतो, कारण गाडी कमी डुलते. पण हाच आकडा उलट्या बाजूनं वाचायला हवा. स्प्रिंग जेवढी दबलेली आहे तेवढीच ती चाकाला खाली ढकलू शकते. ४४ मिलिमीटरनंतर तिच्यात जोर उरत नाही. चाक स्वतःच्या वजनानं लोंबतं. काही किटमध्ये एक छोटी मदतनीस स्प्रिंग देतात. मोठी स्प्रिंग बैठकीतून सुटू नये एवढंच तिचं काम, टायर रस्त्यावर दाबण्याइतकी ताकद तिच्यात नसते. आणि बसवताना स्प्रिंग आधीच थोडी आवळलेली असेल, तर ४४ सुद्धा मिळत नाहीत.

याचा अर्थ आमच्या रस्त्यावर काय होतो ते पाहा. समोरून वाळूचा किंवा मॅंगनीजचा टिप्पर येतो. डांबर एकाच गाडीपुरतं, टिप्पर काही डांबर सोडत नाही, म्हणून तुम्ही डावी दोन चाकं साइडपट्टीवर उतरवता. पावसाळ्यानंतर डांबराची कड आणि मुरूम यांत चार बोटांचा फरक पडलेला असतो, म्हणजे सत्तर-ऐंशी मिलिमीटर. मऊ, लांब प्रवासाच्या सस्पेन्शनमध्ये डावं चाक खाली जातं आणि मुरूम धरून ठेवतं. चारही टायरवर वजन असतं, त्यामुळे ब्रेक दाबला तरी गाडी सरळ राहते. कडक सस्पेन्शनमध्ये डावं चाक उतरायच्या आधीच स्प्रिंग संपते. त्यात अँटी-रोल बार एका बाजूचं चाक दुसऱ्या बाजूला बांधून ठेवतो, तोही उतरणाऱ्या चाकाला वर ओढतो. गाडी तीन चाकांवर येते आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्हाला स्टिअरिंग उजवीकडे वळवून डांबरावर परत चढायचं असतं. हलकं झालेलं चाक डांबराच्या कडेला घासत राहतं, मग एकदम पकड घेतं आणि गाडी रस्त्याच्या मध्याकडे झेपावते. गाडी कडक असली की रस्त्याला चिकटते, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. टायर जमिनीला किती सलग दाबलेला राहतो यावर पकड ठरते, आणि खडबडीत रस्त्यावर ते काम मऊ स्प्रिंगच करते.

रोवणीच्या दिवसांत हा रस्ता आणखी बिघडतो. लोखंडी केजव्हील लावलेले ट्रॅक्टर धानाच्या एका बांधीतून दुसरीकडे जाताना डांबरावर आडव्या खाचा पाडत जातात आणि वर बांधीचा चिखल सोडतात. गाडीचा वरचा भाग किती वेगानं खालीवर होतो हे स्प्रिंग आणि वजन यांवरून काढता येतं. दोन किलोच्या स्प्रिंगवर तो सेकंदाला सुमारे १.४ वेळा झुलतो, सहा किलोच्या स्प्रिंगवर सुमारे २.४ वेळा. रोजच्या गाड्या साधारण एक ते दीडच्या पट्ट्यात ठेवतात. दोनच्या पुढचा पट्टा शर्यतीच्या गाड्यांचा, आणि त्या गुळगुळीत डांबरावर धावतात. मागच्या सीटवर आजी बसलेली असेल, तिच्या कमरेला हा फरक कुठल्याही आकड्याआधी कळतो.

इथं दुसरी बाजू म्हणते, नॉब कशाला दिलेत मग? तीस पायऱ्यांचा नॉब आहे, मऊ बाजूला फिरवा. हा गैरसमज सगळ्यांत महाग पडणारा आहे. नॉब शॉकअपचं तेल किती अडवायचं ते ठरवतो. स्प्रिंगला तो हातही लावत नाही. सहा किलोची स्प्रिंग नॉब कुठेही फिरवला तरी सहा किलोचीच राहते. नॉब मऊ बाजूला नेला की उलट वाईट होतं: कडक स्प्रिंगला आवरणारा शॉकअपच ढिला पडतो आणि ब्रेकरनंतर गाडी उसळत राहते. शिवाय एकच नॉब असलेल्या बहुतेक किटमध्ये शॉकअपची जी हालचाल बदलते ती मुख्यतः हळू वेगाची, म्हणजे वळणावरच्या झुकण्याची. खड्ड्यात चाक धाडकन वर येतं तेव्हा दांडा झपाट्यानं हलतो आणि ते तेल पिस्टनवरच्या पातळ चकत्यांतून जातं. त्या चकत्यांपर्यंत बाहेरचा नॉब बहुधा पोचत नाही. तीस पायऱ्यांची जाहिरात वाचताना विचारायचा प्रश्न हा, की त्यातल्या किती पायऱ्या तुमच्या स्प्रिंगच्या आणि तुमच्या वजनाच्या गाडीला कामाच्या आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात.

खाली घेण्याच्या बाजूनं मांडला जाणारा मुद्दा मात्र नीट तपासण्यासारखा आहे. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणून ती वळणावर कमी झुकते, असं म्हणतात. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं मॅकफर्सन गाडीत आपोआप खरं ठरत नाही. गाडी वळणावर ज्या कल्पित बिंदूभोवती झुकते, तो बिंदू लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. कंपनीच्या उंचीला लोअर आर्म जवळपास आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि झुकवणारा जोर याच अंतरावर अवलंबून असतो. मग वाढलेलं झुकणं दाबायला कडक स्प्रिंग लागते. म्हणजे आधी खाली आणून एक दोष तयार करायचा आणि तो झाकायला दुसरा विकत घ्यायचा. टाय रॉडचा कोनही बिघडतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर येताना आपोआप वळतं. हातात स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही गाडी चुळबुळते ती यामुळे. एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात ते वेगळंच.

आणि ब्रेकर? गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ च्या मार्गदर्शिकेत हे माप घालून दिलं: १७ मीटर त्रिज्येची कमान, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. अशा ब्रेकरवरून स्विफ्ट जाते तेव्हा २.४५ मीटरच्या व्हीलबेसमध्ये पोटाखाली जेमतेम ४४ मिलिमीटर उंचवटा येतो. २०१८ च्या स्विफ्टची कंपनीनं दिलेली मोकळी उंची १६३ मिलिमीटर. चाळीस कमी केली तरी १२३ उरतात. या ब्रेकरवर काही बिघडत नाही. खाली घेतलेली गाडी महामार्गावर नीट चालते असं शहरातले मित्र सांगतात, ते याच हिशेबानं खरं ठरतं. पण गावातले ब्रेकर कुणी या मापानं बांधत नाही. एखादा अपघात होतो, दुसऱ्या दिवशी लोक मुरूम-सिमेंट टाकून मीटरभर रुंदीचा, या मापाहून उंच ढीग रचतात. त्यावर गाडीची पुढची चाकं एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला असतात, आणि पूर्ण उंचवटा पोटाखाली येतो. १२३ मिलिमीटरच्या गाडीचा इंजिनाच्या तेलाचा चेंबर तिथं घासणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चेंबर फुटला, तेल गेलं आणि चालकाच्या लक्षात आलं नाही, तर इंजिनही जातं.

भाराचं काय? आंधळगाव कोशाच्या विणकामाचं गाव. इथली गाडी रविवारी चकचकीत करून मिरवण्यापुरती नसते. डिक्कीत कधी नागपूरला न्यायचे कापडाचे गठ्ठे असतात, कधी धानाचे दोन कट्टे, आणि मागच्या सीटवर तिघं असतातच. महाशिवरात्रीला गायमुखला निघालं की चौघं. मागे तीन माणसं आणि ऐंशी किलो सामान पडलं की मागच्या स्प्रिंगवरचा भार रिकाम्या गाडीच्या दीडपटीच्या पुढे जातो. खाली घेतलेल्या गाडीत मुळातच दबायला जागा कमी, त्यात हा भार. शॉकअपचा दांडा बफरवर जाऊन टेकतो. बफरवर टेकलेलं चाक म्हणजे स्प्रिंग नसलेलं चाक. वळणावर हे मागे घडलं तर मागची बाजू सुटते.

रॅलीच्या गाड्यांकडे बोट दाखवून कडक कॉइलओव्हरचं समर्थन करणाऱ्यांनी त्या गाड्या नीट पाहिलेल्या नसतात. डांबरावरच्या रॅलीला गाडी खाली आणि कडक करतात, हे बरोबर. पण मातीच्या रॅलीला तीच गाडी उंच उचलतात, स्प्रिंग मऊ घालतात आणि चाकाचा प्रवास लांबवतात. आपला रस्ता कोणत्या रॅलीशी जुळतो? सिट्रोएननं १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात टूसीव्ही ही गाडी मांडली. शेतकऱ्यानं नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटू नये, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. त्या गाडीत ताकद नव्हती, दिखावा नव्हता. अतिशय मऊ आणि लांब प्रवासाचं सस्पेन्शन होतं, आणि ती चार दशकं बनत राहिली. शेतकऱ्याच्या रस्त्याचा विचार करून गाडी आखली की ती कोणत्या दिशेला जाते याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

इतकं वाचून काही जण म्हणतील, म्हणूनच आम्ही सांगतो, कॉइलओव्हर हे श्रीमंतांचं खूळ, गाडी मागे बसली तर स्प्रिंगमध्ये रबरी डोनट अडकवा आणि मोकळे व्हा. हेही मला मान्य नाही. डोनट दोन वेटोळ्यांच्या मध्ये बसतो आणि तेवढी वेटोळी बाद करतो. स्प्रिंगची काम करणारी वेटोळी कमी झाली की ती कडक होते, शॉकअप मात्र जुनाच राहतो. परिणाम कडक स्प्रिंगसारखाच, फक्त स्वस्तात. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणं हा तर त्याहून वाईट प्रकार. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. चांगल्या कॉइलओव्हरला इथं जागा आहे. सीएनजीची टाकी डिक्कीत बसवलेली गाडी कायम मागे झुकलेली असते. तिला मागे थोडी कडक स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगला जुळणारा शॉकअप मिळाला तर ती खरोखर सुधारते. भंडारा-नागपूर महामार्गावर रोज धावणाऱ्याला कंपनीच्या शॉकअपपेक्षा नेटकं आवरणारा शॉकअप हवासा वाटणं अगदी रास्त आहे. वाद वस्तूशी नाही, निवडीच्या निकषाशी आहे.

निकष ठरवायला मोजपट्टी, जॅक आणि एक केबल टाय पुरतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे चाक किती खाली उतरू शकतं ते. आता शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं रबर वर सरकवून दांड्याला केबल टाय घट्ट बांधा, नळीच्या तोंडाशी टेकवा आणि नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या सामानासह मोहाडीपर्यंत जाऊन या. टाय दांड्यावर जिथवर ढकलला गेला असेल तिथवर तुमच्या रस्त्यानं सस्पेन्शन दाबलं. हे दोन आकडे हातात असले की विक्रेत्याशी बोलायला सुरुवात करता येते. नव्या किटनं यांपैकी एकही आकडा कमी करता कामा नये.

त्यामुळे उंचीची सोय खालच्या ब्रॅकेटपाशी असलेलं किट घ्यावं. त्यात शॉकअपचा प्रवास न खाता उंची बदलते. स्प्रिंगची बैठक वरखाली करून उंची बदलणाऱ्या स्वस्त किटमध्ये गाडी उचलली की चाकाचं उतरणं कमी होतं आणि खाली घेतली की दबायची जागा कमी होते. नळीच्या आट्यांत बांधीचा चिखल शिरतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर उंची बदलायची कडी फिरेनाशी होते. केडब्ल्यूसारखे उत्पादक नळी स्टेनलेस स्टीलची करतात ती यासाठीच. ते परवडत नसेल तर दर पावसाळ्याआधी आटे घासून ग्रीस लावणं ओघानं आलं. वरचं माउंटिंग रबराचं मागा. धातूच्या गोळ्याचं माउंटिंग ट्रॅकवर अचूक असतं, आपल्या धुळीत ते लवकरच खडखडायला लागतं. मोनोट्यूब शॉकअप तेल थंड ठेवतो, यात वाद नाही. पण त्यात पिस्टन बाहेरच्या नळीच्याच भिंतीवर सरकतो, आणि टिप्परच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीनं नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो. आमच्या रस्त्यांना आतली नळी वेगळी असलेला चांगल्या प्रतीचा ट्विनट्यूब मला जास्त शहाणपणाचा वाटतो, आणि तो स्वस्तही असतो.

कायद्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्यानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून काम हातात घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचं उत्तर लेखीच घ्या. उंची कंपनीइतकीच ठेवलेल्या गाडीच्या मालकाची बाजू इथंही सोपी पडते.

शेवटचा आक्षेप दुकानदाराचा: अशी मऊ स्प्रिंग किटमध्ये येतच नाही. किटमध्ये येत नाही हे पुष्कळदा खरं असतं. पण बऱ्याच किटमधली स्प्रिंग ठरावीक व्यासाची असते आणि तिच्या मापात वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंग वेगळ्या मिळतात. ऑर्डर देतानाच स्प्रिंग बदलून मागण्याची सोय अनेक उत्पादक देतात. स्विफ्टच्या वजनाच्या गाडीला पुढे अडीच ते तीन किलो मागा. तीन किलोवरसुद्धा चाकाला ८८ मिलिमीटर उतरायला मिळतात, सहा किलोच्या बरोबर दुप्पट. उंची कंपनीइतकी, जमल्यास दहा मिलिमीटर वर. मागची स्प्रिंग भरलेल्या गाडीच्या वजनावर ठरवा, आणि व्हॉल्व्ह त्या स्प्रिंगला जुळवून दिला आहे का ते स्पष्ट विचारा. उतरण्याचा आकडा, दबण्याचा आकडा आणि स्प्रिंगचा कडकपणा या तीन गोष्टी दुकानदार कागदावर लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याला इसार देऊ नका. कंपनीचे नवे शॉकअप, नवे लोअर आर्मचे बुश आणि चार चांगले टायर घ्या.